शब्द हवा आहे : ‘अलैंगिक’ला पर्याय आहे का?

रानजाई
नमस्कार. घरात बोलताना अडले, म्हणून इथे विचारते.

मी एसेक्शुअल आहे. वय ३४. पुरुष असो की बाई, कोणाबद्दलही शरीरसंबंधाची ओढ मला आजवर वाटलेली नाही. इंग्रजी शब्द सापडला तेव्हा फार हलकं वाटलं होतं. पण आईला सांगायची वेळ आली आणि मराठी शब्दच मिळेना. वर्तमानपत्रांत ‘अलैंगिक’ छापतात, तो वापरला. आई शाळेत विज्ञान शिकवायची. म्हणाली, “अलैंगिक तर प्रजनन असतं. अमीबाचं.” थोडा वेळ गेला आणि हळूच विचारलं, “तुझ्या शरीरात काही कमी आहे का गं?”

त्या प्रश्नानं मी गप्प झाले. शब्दानंच तिला तिकडे नेलं असं मला वाटतं. दुसरा शब्द आहे का?

उंबरठा
आईंची शंका शब्दाला धरूनच आहे. ‘लिंग’ म्हणजे मुळात खूण. त्यावरून व्याकरणातलं लिंग, स्त्री-पुरुष भेद, पुरुषाचं इंद्रिय आणि संभोगाशी संबंधित सगळंच ‘लैंगिक’. इतक्या अर्थांवर एकच ‘अ’ लावला की नकार नक्की कशाला, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. योगसूत्रांत ‘अलिंग’ येतो (१.४५), तो मूळ प्रकृतीसाठी, जिला कसलीच खूण नाही.

‘उभयलिंगी’चंही तसंच. जास्वंदीचं फूल उभयलिंगी, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात. स्त्री आणि पुरुष दोघांकडे ओढ असलेला माणूसही उभयलिंगी. फुलाच्या बाबतीत शब्द रचना सांगतो, माणसाच्या बाबतीत ओढ. मराठीत या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या राहून गेल्या आहेत.

सदाफुली
‘अकाम’ किंवा ‘निष्काम’ चालेल का? ऐकायला छान आहेत.

उंबरठा
छान आहेत, पण ‘काम’ इथे फार मोठा होतो. मनुस्मृतीत (२.४) म्हटलंय की अकाम माणसाची कोणतीच क्रिया जगात दिसत नाही. म्हणजे तिथे काम म्हणजे कुठलीही इच्छा. आणि ‘निष्काम’ म्हटलं की पाठोपाठ कर्मयोग येतोच. रानजाईंना फळाची अपेक्षा सोडायची नाहीये.

पैलतीर
मी सत्तरीतला माणूस आहे, चूक वाटली तर सांगा. आमच्या वेळी अशा व्यक्तीला ब्रह्मचारी किंवा विरक्त म्हणत. त्यात मान होता, कोणी खोदून विचारत नसे. तो शब्द का नको?

रानजाई
काका, चूक अजिबात नाही. मीही काही वर्षं स्वतःला तेच सांगत होते. पण क्रियापद बघा. ब्रह्मचर्य *पाळतात*. ‘मी पाळते.’ कर्ता मी, निश्चय माझा, आणि आत काहीतरी आवरून धरलेलं. ओढ *वाटते*. ‘मला वाटते’, ‘मला वाटत नाही’. जसं तहान लागते, थंडी वाजते. तिथे मी काही करत नसते. माझ्याकडे आवरायला काही नाहीच, त्यामुळे त्या शब्दाचा मान घेताना मला खोटं वागल्यासारखं वाटतं. उलट एखाद्या एसेक्शुअल बाईनं नवऱ्यावरच्या प्रेमानं किंवा मूल हवं म्हणून संबंध ठेवले, तरी ती एसेक्शुअलच राहते.

पैलतीर
पाळणे आणि वाटणे. पटलं. असा विचार केला नव्हता.

अडुळसा
मी मानसोपचार क्षेत्रात काम करते. एक शब्द मात्र कृपा करून कोणी सुचवू नका : नपुंसक. तो शिवीसारखा वापरला जातोच, शिवाय हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ मध्ये विवाह रद्द करण्याचं एक कारण म्हणून नपुंसकता येते. ती शरीरसंबंधाच्या अक्षमतेची गोष्ट. ओढ नसणं आणि क्षमता नसणं यांची गल्लत झाली, तर त्रास खऱ्या माणसांना होतो.

आजार म्हणावं, तर तेही नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलंय की व्यक्ती स्वतःला एसेक्शुअल म्हणवत असेल, तर इच्छा कमी असण्याचं निदान तिला लावू नये. मानसशास्त्रज्ञ अँथनी बोगर्ट यांनी २००४ मध्ये एका ब्रिटिश पाहणीतली १८ हजारांहून अधिक उत्तरं तपासली. कोणाहीबद्दल कधीच आकर्षण वाटलं नाही, असं शंभरातल्या साधारण एकानं सांगितलं होतं.

भाषांतर-घर
मी अनुवाद करतो, म्हणून ‘अलैंगिक’ची थोडी बाजू घेतो. इंग्रजीतही हा शब्द जीवशास्त्रातच रुळलेला होता. १९४८ मध्ये अमेरिकन लैंगिकता-संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी अशा माणसांची नोंद केली, ती नुसत्या ‘एक्स’ या अक्षराखाली. २००१ मध्ये डेव्हिड जे यांनी एसेक्शुअल लोकांसाठी ‘एव्हन’ हे संकेतस्थळ सुरू केलं, लोक तिथे स्वतःबद्दल ‘एसेक्शुअल’ हाच शब्द वापरत गेले आणि त्याला माणसाचा अर्थ चिकटला. मराठीतही वापरूनच चिकटेल. लेखात मी ‘अलैंगिक व्यक्ती’ लिहितो आणि पहिल्याच वाक्यात ‘लैंगिक आकर्षण न वाटणारी’ असं उलगडतो. संभाषणात सरळ ‘एस’, म्हणजे एसेक्शुअलचं इंग्रजीतलं छोटं रूप.

सदाफुली
मग प्रेमाचं काय? रानजाई, खाजगी वाटलं तर सोडून द्या.

रानजाई
सोडत नाही, कारण इथे मराठी फार कामी येते. इंग्रजीत लैंगिक आकर्षण वेगळं आणि रोमँटिक आकर्षण वेगळं असं समजावावं लागतं. आपल्याकडे ‘जीव जडणे’ आहे, ‘मन बसणे’ आहे, ‘जीव लावणे’ आहे. यातल्या एकातही देह नाही. काही एसेक्शुअल लोकांचा कोणावर तसा जीवही जडत नाही, त्यांना ॲरोमँटिक म्हणतात. माझा जडतो.

लेखी मजकुरात ‘अलैंगिक’ ठेवेन, भाषांतर-घर म्हणतात तसा उलगडून. घरात मात्र नाम सोडूनच दिलं. काल रात्री आईला एवढंच म्हटलं : “शरीराची ओढ मला वाटत नाही. कधीच वाटली नाही. कमी काही नाही.” ती भाजी निवडत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “आणि जीव? तो जडतो का कोणावर?”

हो म्हटलं. मग तिनं नाव विचारलं.