‘प्रभू बोलला’ हे ओळखायचं कशावरून?

सदरचा रहिवासी
परवा आमच्या चर्चच्या तरुण संघात साक्षी झाल्या, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव एकेकाने सांगितला. कुणाच्या अंगावर काटा आला होता, कुणाला प्रार्थनेत उजेड दिसला होता. सभा सुटल्यावर बारावीतला एक मुलगा फाटकाशी घुटमळत राहिला. म्हणाला, “काका, मला कधी काहीच होत नाही. माझं तारण झालंच नसेल.” तेव्हापासून मला चैन नाही.

माझं मत असं, की प्रभूने दाखवलेलं त्या क्षणाच्या जोरावरून ओळखता येत नाही, मागाहून उमगतं. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे येशूबरोबर चालले, शास्त्राचा उलगडा ऐकला, तरी त्यांना तो ओळखू आला भाकर मोडताना. वाटेत आपलं अंतःकरण आतून पेटलं होतं, हेही त्यांना तेव्हाच कळलं (लूक २४).

आपल्याच नागपूरचं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. पुढे वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन थबकले, आणि बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. मधल्या काळात केवढी घालमेल! गाडीतून उतरताना त्यांच्याजवळ साक्ष देण्यासारखं काय होतं? हातात एक पुस्तक, एवढंच.

धरमपेठची वाचक
हे काय सांगून राहिले दादा? ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर आकाशातून प्रकाश दिसला, तो काय मागाहून? मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्लीने २४ मे १७३८ ची ती संध्याकाळ रोजनिशीत वेळेसकट लिहून ठेवली: पावणेनऊचा सुमार होता आणि अंतःकरणात विलक्षण ऊब जाणवली. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या आश्रमात १९०५ साली मुली रडून रडून पापं कबूल करत होत्या. ते सगळं मनाचे खेळ म्हणायचे का? “मागाहून कळेल” म्हणत बसलं की माणूस आज्ञा पाळायचंच पुढे ढकलतो. त्या मुलाला “काही वाटलं नाही तरी चालतं” असं सांगू नका. “प्रभूजवळ माग, दार ठोक” म्हणा.

सदरचा रहिवासी
ताई, खेळ मी म्हटलंच नाही. पण पौलसुद्धा त्यानंतर तीन दिवस आंधळा, अन्नपाण्यावाचून बसला होता. पुढे काय, हे सांगायला हनन्या नावाच्या शिष्याला यावं लागलं.

रात्रपाळी
मी नर्स आहे. वॉर्डात एक म्हातारे होते, हात लावला की शिव्या द्यायचे. एका रात्री त्यांना स्पंज करत होते. पाठीला जखम होती, म्हणून ओला कपडा फार हळू फिरवावा लागत होता. फिरवता फिरवता मत्तय २५ मधलं “कनिष्ठ बंधू” मनात आलं, म्हणजे अशा दीनाची केलेली सेवा ती येशूचीच सेवा हे वचन, आणि ते वचन राहिलंच नाही, समोरची पाठच झाली. रडू नाही, उजेड नाही. हात आणखी हळू झाला, इतकंच. दुसऱ्या रात्री त्याच म्हाताऱ्यांवर मी चिडले. मग मागाहून उमगतं म्हणता, तर माझं कोणतं वागणं मोजणार, पहिल्या रात्रीचं की दुसऱ्या? मला मात्र शंका नाही की तो प्रभूच होता.

धरमपेठची वाचक
सिस्टरताई, हेच तर मी सांगून राहिली! तुम्हाला तिथल्या तिथेच कळलं. पुराव्यासाठी थांबलात का?

मिस्सेला जाणारा
आमच्या कॅथलिक परंपरेत यावर बराच विचार झालाय. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत पायाला गोळा लागून अंथरुणाला खिळला. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नंही गोड वाटायची, संतांसारखं जगायचा विचारही गोड वाटायचा. फरक नंतरचा: पहिल्याने मन कोरडं पडायचं, दुसऱ्याने आनंद टिकायचा. दोन्ही वेळी उमाळा सारखाच, म्हणून नुसत्या उमाळ्यावर माझा भरवसा नाही.

जुना पंच, मंडळीतला
बायबलमधल्या लहान शमुवेलाला रात्री तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो म्हाताऱ्या एली याजकाकडे धावला. ती हाक देवाची आहे हे ओळखलं एलीने, ज्याचं स्वतःचं घर बिघडलेलं होतं. तरुणाजवळ असा जाणता कुणी हवाच. पण “तुला देव काय म्हणतो ते मीच सांगतो” म्हणणारे पुढारीही मी पाहिलेत, त्यांनी पोरांची आयुष्यं वाकवली. एलीने अर्थ सांगितला नाही, “बोल, तुझा दास ऐकत आहे” एवढं म्हणायला शिकवलं आणि बाजूला झाला. “सर्व गोष्टींची पारख करा” हे पौलाने सगळ्या मंडळीला लिहिलंय, एकट्या पाळकाला नाही.

सदरचा रहिवासी
काका, तुमचं पटलं. सिस्टरताई, दुसऱ्या रात्री तुम्ही चिडलात आणि तरीही पहिली रात्र खोटी ठरली नाही, याचं उत्तर माझ्या मांडणीत नाही, हे मान्य करतो. पुढच्या सभेत तुम्ही साक्ष द्याल का? त्या मुलाने ही ऐकायला हवी.

रात्रपाळी
ड्यूटी नसली तर येईन. चिडल्याचंही सांगेन.

धरमपेठची वाचक
जरूर या. त्यांच्यानंतर मीही बोलणार दादा, माझं मत बदललेलं नाही. त्या पोराने मागणं सोडू नये, एवढं मला त्याला समोरासमोर सांगायचंच आहे.