प्रतिसाद: एलईडीनंतर मातीतला ओलावा

आर्डुइनोवर (प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) एलईडी लुकलुकवून झाल्यावर मुलांना पुढे काय द्यावं आणि ओलाव्याचा सेन्सर काही आठवड्यांत का खराब होतो, असे दोन प्रश्न वर आलेत. पुढे हाच सेन्सर द्या. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्याचा उपयोग मुलांना वेगळा समजवावा लागत नाही.

दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर सतत ५ व्होल्टवर ठेवला की ओल्या मातीत विद्युत अपघटन होऊन काटा झिजतो. म्हणून त्याची व्हीसीसी (वीज घेणारी) तार आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या पिन ७ ला जोडा, म्हणजे वीज फक्त वाचनापुरती देता येते. पिन हाय (चालू) करा, १०० मिलिसेकंद थांबा, सेन्सरचा आकडा ए० या पिनवर वाचा, लगेच पिन लो (बंद) करा. दर १० मिनिटांनी एक वाचन पुष्कळ. कपॅसिटिव्ह सेन्सरला (यात धातू उघडा मातीत नसतो) ही झीज नाही, पण त्याच्यावर छापलेल्या रेघेच्या वरचा भाग मातीत जाऊ देऊ नका. तिथलं सर्किट उघडं असतं.

आकडे ० ते १०२३ मध्ये येतात. एक वाचन कोरड्या मातीत, एक चिंब मातीत घ्या आणि कोणत्या आकड्याला माती कोरडी म्हणायची तो उंबरठा मुलांनाच ठरवू द्या, खरं शिकणं इथेच होतं. काळी माती वाळली की भेगाळते. काट्याभोवती पोकळी राहिली तर ओलाव्यातही आकडा कोरडा दिसतो. माती नीट दाबून बसवा.

या आकड्यावरून पुढे पाण्याचा पंप चालवायचा असेल, तर तो थेट पिनवर नको. पिनमधून २० मिलिअँपिअरच घ्यावेत. मध्ये ट्रान्झिस्टर (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) आणि पंपाच्या मोटरला उलटा डायोड (मोटर बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका जिरवणारा भाग) हवाच.