क्लबची लाज निघाली त्या रात्री तुम्ही काय केलंत? सोलापूरकरांनो, लिहा

आपल्या फुटबॉल क्लबचा साधा पराभव नाही, धुलाई. सहा-सात-आठ गोल खाल्लेली मॅच, किंवा गोल कमी पण समोरचा संघ इतका लहान की दुसऱ्या दिवशी नाव सांगायला जड जावं. अशा रात्रीचे अनुभव इथे हवे आहेत. कुठली मॅच, सोलापुरात कुठे बसून बघितली, शेवटपर्यंत बघवली का, आणि सकाळी लोकांना कसं तोंड दिलंत, एवढंच लिहा. कोच कसा चुकला, कुणाला विकायला हवं होतं, ही चर्चा सगळीकडे होते. इथे नको.

आपलं गाव क्रिकेटचं. मँचेस्टरचा माणूस सात गोल खाऊन स्टेडियमबाहेर पडतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला हजारो माणसं तसंच तोंड करून चालत असतात. आपण मात्र मध्यरात्री, घरचे झोपलेले असताना, टीव्हीचा आवाज बारीक करून हरतो. सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतोच, ‘तुझा काय संबंध बे त्यांच्याशी?’ शाळेपासून हा प्रश्न ऐकतोय. ज्या गोष्टीसाठी माणूस वर्षानुवर्षं झोप मोडतो, तिच्याशी त्याचा संबंध असतो. तो मला कुणाला सिद्ध करून दाखवायचा नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर ०–७, ५ मार्च २०२३. आठवड्याभरापूर्वीच वेम्बलीवर न्यूकॅसलला हरवून आम्ही लीग कप घेतला होता. सहा वर्षांनी हाताला लागलेला चषक. त्यामुळे रविवारी रात्री दहाची मॅच बघायला जुळे सोलापुरात आमच्या घरी मित्र जमले होते, शेंगा-गूळ मधे ठेवलेला. हाफटाइमच्या तोंडावर गाकपोने एक मारला तरी कुणी घाबरलं नाही. मग दुसऱ्या हाफमध्ये सहा. गाकपो, नुन्येझ, सलाह, तिघांचे दोन-दोन आणि शेवटचा फिर्मिनोचा. चौथ्यानंतर खोलीत कुणी बोलेना. एकाने गाडीची किल्ली हातात घेतली, पण उठला नाही. मला गोलांपेक्षा आमच्या खेळाडूंचं चालणं लागलं. चेंडू गेल्यावर माघारी पळायचं सोडून ते चालत येत होते, निदान मला तरी तसं दिसलं. १९३१ नंतर युनायटेड एवढ्या फरकाने हरलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी वाचलं.

दुसऱ्या दिवशी होळी. घरात पुरण शिजत होतं आणि माझा फोन थांबायला तयार नव्हता. शाळेनंतर ज्यांनी कधी फोन केला नाही त्यांनीही आकडा पाठवला. संध्याकाळी कॉलनीतल्या होळीला मी युनायटेडची जर्सी घालून गेलो, मुद्दाम. जिंकल्यावर घालतो तर हरल्यावरही घालायची, एवढाच विचार होता.

आता तुमचं लिहा.

बार्सिलोना, विजापूर रोड

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. १४ ऑगस्ट २०२०, बायर्नविरुद्ध २–८. चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल, कोरोनामुळे एकाच सामन्यात निकाल, तोही लिस्बनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये. आपल्याकडे साडेबाराला सुरू, म्हणजे १५ ऑगस्ट लागलेला.

चौथ्या मिनिटाला म्युलरने मारला. सातव्याला आलाबाने स्वतःच्याच जाळ्यात घातला आणि १–१ झालं. त्यानंतरची दहा-बारा मिनिटं बार्सा खरंच बरं खेळत होतं, मेस्सीचा एक चेंडू खांबाला लागला. ती मिनिटं मला अजून आठवतात, कारण आशा तेवढीच होती. एकतिसाव्या मिनिटाला ४–१. सुआरेझने दुसऱ्या हाफमध्ये एक काढला, पण लगेच अल्फोन्सो डेव्हिसने डाव्या बाजूने सेमेदोला जे नाचवलं आणि किमिखला चेंडू दिला, तिथे माझं मन उठलं. शेवटचे दोन गोल कुटिन्योचे. आमचाच खेळाडू, आम्हीच बायर्नला उसना दिलेला. गोल मारून त्याने आनंद केला नाही, त्याबद्दल मला आजही त्याच्याविषयी आदर आहे.

घरात बायको आणि मुलगी झोपलेल्या. रिकाम्या स्टेडियममुळे खेळाडूंचं ओरडणं ऐकू येत होतं, जर्मन आरडाओरडा आणि आमच्याकडून काहीच नाही. सव्वादोननंतर मॅच संपली. झोप येणं शक्यच नव्हतं. सकाळी झेंडावंदन, मुलांशिवायचं, फक्त आम्ही शिक्षक, मास्क लावून लांब-लांब उभे. मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘सर, तब्येत बरी आहे ना?’ त्या दिवसांत डोळे लाल दिसले की लोक घाबरायचे. मी म्हटलं, रात्री जागरण झालं. त्यांनी पुढे विचारलं नाही. मी सांगितलं असतं तर त्यांना समजलं नसतं असंही नाही, पण त्या काळात गावात माणसं जात होती. आपलं दुःख बोलून दाखवायची ती जागा नव्हती.

मला खरी भीती स्कोअरची नव्हती, पुढे काय होणार याची होती. तीन दिवसांत कोच सेतिएन गेला. त्याच महिन्यात मेस्सीने क्लब सोडायचा म्हणून कळवलं. तेव्हा थांबला, पण पुढच्या ऑगस्टमध्ये गेलाच. त्या रात्री ८९व्या मिनिटालाच मला हे दिसलं होतं आणि तरीही शेवटची शिट्टी होईपर्यंत मी बसलो, कारण बार्साच्या जर्सीत मेस्सी अजून किती दिवस दिसेल याचा भरवसा उरला नव्हता.

लिव्हरपूल, अक्कलकोट रोड एमआयडीसी

वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. लॉकडाऊननंतर माग नुकते सुरू झाले होते आणि रात्रपाळीला मी थांबायचो. ४ ऑक्टोबर २०२०, ॲस्टन व्हिलाकडून २–७. आम्ही लीगचे चॅम्पियन होतो, तीस वर्षं वाट बघून झालेले.

मागाच्या खडखडाटात फोनचा आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे ती पूर्ण मॅच मी आवाजाशिवाय बघितली. ॲलिसन दुखापतीमुळे नव्हता, आणि चौथ्याच मिनिटाला एड्रियनने ग्रीलिशच्या पायात चेंडू दिला. हाफटाइमला वॉटकिन्सची हॅटट्रिक झालेली. त्यातले काही गोल आमच्याच पायांना लागून दिशा बदलून गेले, पण सात गोल नशिबाने होत नाहीत. व्हिला खरोखर चांगलं खेळलं.

मधेच धागा तुटला की उठायचं, जोडायचं, परत येऊन बघायचं, तर आकडा वाढलेला. आमच्याकडे कामाला असलेले एक काका, वयाने वडिलांपेक्षा मोठे, माझं तोंड बघून जवळ आले. त्यांना वाटलं घरून काही निरोप आला. ‘एमैंदिरा?’ म्हणाले, तेलुगूत ‘काय झालं रे?’ मी स्क्रीन दाखवली. त्यांनी बघितलं, लालवाले आपले का विचारलं आणि पाच मिनिटं माझ्याबरोबर उभे राहून बघितलं. त्यांना ऑफसाइड माहीत नाही, सलाह माहीत नाही. पण कुणीतरी शेजारी उभं राहिलं.

वर संबंध विचारणाऱ्यांबद्दल लिहिलंय. न विचारता शेजारी उभे राहणारेही असतात.

रेआल माद्रिद, सात रस्ता परिसर (माहेर कोल्हापूर)

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढले. तिथे आपल्या पेठेचा संघ हरला की कळवायला लागत नाही. कट्ट्यावर, दूध आणायला गेलं तरी तोच विषय. चिडवणारेही असतात, भांडणंही होतात, पण सगळ्यांना माहीत असतं. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर पहिल्यांदा कळलं की फुटबॉलमध्ये एकटं हरणं म्हणजे काय.

२६ ऑक्टोबर २०२४ ची एल क्लासिको, म्हणजे बार्सिलोनाविरुद्धची मॅच. आमच्याच बर्नाबेऊवर ०–४. पहिल्या हाफमध्ये गोल नाही, आणि एम्बाप्पे पुन्हा पुन्हा ऑफसाइडच्या सापळ्यात, म्हणजे पास सुटण्याआधीच समोरच्या बचावफळीच्या पुढे गेलेला. बार्साची बचावफळी इतकी पुढे उभी होती की मला वाटत होतं, एकदा सुटला की संपलं. तो सुटला, चेंडू जाळ्यातही गेला, आणि झेंडा वर. मग लेवांडोव्स्कीने दोन-तीन मिनिटांत दोन मारले, पुढे यमाल, राफिन्या. आपल्याच घरात, युरोपचे चॅम्पियन असताना.

सकाळी फराळाचा दिवस. दुसऱ्याच दिवशी वसुबारस. सासूबाई चकल्या पाडत होत्या, मी तळत होते आणि एक घाणा लाल झाला. त्या म्हणाल्या, ‘काय झालंय?’ मी सांगितलं. अगदी सगळं सांगितलं, ऑफसाइडचा सापळा पोळपाटावर करंज्या मांडून दाखवला. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, मग तो जरा मागे का नाही थांबत? एम्बाप्पेला हाच प्रश्न त्या आठवड्यात जगभरच्या लोकांनी विचारला असेल. तेव्हापासून क्लासिको असली की त्या सकाळी निकाल विचारतात. माझ्यासाठी हे फार मोठं आहे.

(धागाकर्ता: ताई, कोल्हापूरच्या पेठांवर वेगळा धागा काढा. आम्ही वाट बघतो.)

मुलाचा क्लब मँचेस्टर सिटी, दमाणी नगर

मी स्वतः फुटबॉल बघत नाही. मुलगा आठवीत होता. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या निकालाचा दिवस. दिवसभर टीव्ही माझ्याकडे, बाहेर गुलाल, फटाके. रात्री अकराला त्याला टीव्ही दिला. सिटी स्वतःच्या मैदानावर टॉटनमकडून ०–४ हरली. घरच्या मैदानावर ते ५२ सामने हरले नव्हते, हे त्यानेच रडत-रडत सांगितलं. वर्गात बहुतेकांनी सिटीला नुसते जिंकणारे म्हणून नावं ठेवलेली, आणि आता सोमवारी शाळेत काय होणार हे त्याला माहीत होतं.

बाहेर विजयाचे फटाके चालूच होते. मी त्याला डिसेंबर २०२०ची ॲडलेडची गोष्ट सांगितली. आपला संघ ३६ वर ऑल आउट झाला तेव्हा मी दुकानात दिवसभर कुणाशी बोललो नव्हतो, आणि महिन्याभरात गाबावर जिंकून मालिका आपण घेतली. तो म्हणाला, ‘पण पप्पा, त्या ३६च्या दिवशी तुम्हाला हे माहीत नव्हतं ना?’ बरोबर आहे. माहीत नव्हतं. मग मी काही सांगायचं थांबवलं आणि दोघांनी मॅचचे हायलाइट्स पुन्हा लावले. त्याला बघायचे होते.

आर्सेनल, रेल्वे लाइन्स

मी इथला वयाने मोठा असेन. २८ ऑगस्ट २०११, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर २–८. फाब्रेगास आणि नासरी त्याच महिन्यात गेले होते, संघ अर्धा जखमी. रूनीची हॅटट्रिक, आमच्या व्हॅन पर्सीची पेनल्टी अडवलेली. १८९६ नंतरचा क्लबचा सर्वांत मोठा पराभव. मँचेस्टरला गेलेले आमचे पाठीराखे शेवटपर्यंत गात होते, ते टीव्हीवर ऐकू येत होतं. क्लबने नंतर त्यांना एका सामन्याचं तिकीट फुकट दिलं, ते योग्यच झालं. त्या आठवड्यात मेर्टेसाकर, आर्टेटा आले, आणि मोसम संपताना आर्सेनल तिसरं होतं. हे मी त्या वेळी चिडवणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यात आवर्जून सांगितलं.

युनायटेड, पूर्व भाग

धागाकर्त्या, सात गोल परवडले. २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. दिवसभर मूर्तीची मिरवणूक, लेझीम, रात्री मंडपात राखणीला आम्ही पोरं. साडेबाराला ग्रिम्सबी टाउनविरुद्ध लीग कपची मॅच, चौथ्या श्रेणीतला संघ. फोन एक, डोकी दहा. हाफटाइमला ०–२. मॅग्वायरने शेवटी बरोबरी केली तेव्हा मंडपात जो आवाज झाला त्याने शेजारचे आजोबा उठून आले. मग पेनल्टी, संपेचनात. कीपरसुद्धा मारून गेले. १२–११, एम्बुमोचा चेंडू क्रॉसबारला. कुणीतरी म्हणालं, ‘चला बे, सकाळी आरती आहे.’ पण ग्रिम्सबीचे लोक मैदानात धावत आले ते आम्ही बघत राहिलो. त्यांच्या आयुष्यातली रात्र होती. ती बघितल्याचं मला वाईट वाटत नाही.

बार्सिलोना, रेल्वेत नोकरी

मला धाग्यातला ‘शेवटपर्यंत बघितली का’ हा प्रश्नच पटत नाही. ७ मे २०१९, लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर दुसरा सामना. पहिल्या सामन्यात ३–० पुढे होतो. मे महिना, गच्चीवर गादी टाकून फोनवर बघत होतो. वाइनाल्डमने दोन मिनिटांत दोन मारले, एकूण ३–३ झालं आणि मी फोन बंद केला. आदल्या वर्षी रोममध्ये हेच झालेलं मी पूर्ण बघितलं होतं आणि पहाटेच्या ड्यूटीला डोकं ठिकाणावर नव्हतं. आमच्या कामात ते चालत नाही. निष्ठा मोजायची तर मॅचच्या मिनिटांत मोजू नका. मी त्यानंतरही बार्साचाच आहे, २–८ नंतरही आहे. चौथा गोल कॉर्नरवरून कसा झाला हे सगळ्या जगाने बघितलंय. मी तो अजून बघितलेला नाही आणि बघणारही नाही.