वर्धापनदिनाचे संगीत नाटक 'सौभद्र' : कालच्या तालमीबाबत

अण्णा, ब-३०२ (रात्री १०:१२)
सर्व सभासदांस नमस्कार. आजच्या तालमीबद्दल लिहिणे भाग पडत आहे. तिथेच बोललो असतो, परंतु सर्वांसमोर आवाज चढवणे मला प्रशस्त वाटले नाही. गेली चाळीस वर्षे मी नाट्यपदे गात आलो आहे आणि प्रेक्षकांकडे पाठ करून गाण्यास मला आजवर कोणीही सांगितले नव्हते. शिवाय रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत घालतो त्या पदात तान ऐन रंगात आली असताना समोर बसलेली मंडळी हसली. माझी चूक झाली असती तर मी मान खाली घातली असती, पण चूक झालेली नव्हती. ते हसू कशाचे होते, याचा खुलासा व्हावा.

वहिनी, ड-४०३ (१०:१९)
अण्णा, त्या हसण्याला मी कारण झाले, तुमचे गाणे नव्हे. नाटक बसवणाऱ्या ताईंनी मला, म्हणजे रुक्मिणीला, सांगितले होते की पाठमोरे बसून पदराचे टोक बोटांना गुंडाळत राहायचे आणि तान संपता संपता ते सोडायचे. तान लांबत गेली आणि माझी बोटे संपली, म्हणून मी दुसऱ्या हाताला गुंडाळायला घेतले. त्यावर लोक हसले. राग मानू नये.

भाऊ, क-४०२ (१०:२१)
तान मोठी होती की बोटे अपुरी होती, याचा निर्णय कार्यकारिणीच्या सभेत बहुमताने व्हावा, असा ठराव मी मांडतो.

अण्णा, ब-३०२ (१०:२३)
भाऊ, हा थट्टेचा विषय नाही.

नाना, अ-२०४ (१०:२४)
माझे म्हणणे एवढेच आहे की एकही पद कापू नये.

ताई, अ-५०१ (१०:४०)
अण्णा, नमस्कार. प्रेक्षकांकडे पाठ करा असे मी म्हटले नव्हते, रुक्मिणीकडे पाहून गा असे म्हटले होते. मात्र मीच तिला मागच्या कोपऱ्यात बसवले होते, त्यामुळे तुमची पाठ झाली. ती चूक माझी आहे आणि ती मी दुरुस्त करीन. पण मूळ मुद्दा सोडता येणार नाही. साऱ्या नाटकात कृष्ण सगळ्यांना खेळवत असतो, बलरामापासून सुभद्रेपर्यंत कोणालाही त्याच्या मनाचा थांग लागू देत नाही, आणि इथे मात्र बायको रुसली म्हणून तोच पेचात सापडला आहे. ते पद म्हणजे त्याचा खटाटोप आहे. एक ओळ गाऊन तो थांबतो, परिणाम झाला का ते पाहतो, झाला नाही म्हणून पुढची ओळ घेतो. रुक्मिणीकडे न पाहता ते पद गायले तर सूर उत्तम लागतील, पण कृष्ण कोणाची समजूत घालतो आहे हे कळणारच नाही.

अण्णा, ब-३०२ (१०:४८)
आपण नाट्यशास्त्र शिकून आला आहात, त्याबद्दल आदर आहे. परंतु संगीत नाटक गाण्यावर जगले, अभिनयावर नव्हे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' झाला, तेव्हा लोक लोटले ते दोन गळे एका रंगमंचावर ऐकण्यासाठी. कोण कुठे उभे राहते हे पाहायला कोणी आले नव्हते.

माई, क-१०१ (१०:५९)
अण्णा, गळ्यांचे मोल कोणी कमी करत नाही. पण त्याच बालगंधर्वांनी १९१९ साली 'एकच प्याला'त दारुड्या सुधाकराच्या बायकोचे, सिंधूचे काम केले, तेव्हा ज्यांच्या शालूंची आणि दागिन्यांची चर्चा घरोघरी चाले, ते ठिगळांचे लुगडे नेसून उभे राहिले. गाणारा तोच होता, पण तो शालू नेसून तीच पदे गायला असता तर सिंधूची दैना पोचली असती का? त्याच नाटकातला गणपतराव बोडसांचा सुधाकर लोकांच्या मनात राहिला तो कोणत्या तानेमुळे, हेही आपण सांगावे. आणखी मागे जायचे तर विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या 'सीतास्वयंवरा'पासून पात्रांची पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्यावर आपापली भाषणे करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' केले, तेव्हा पद पात्राच्या तोंडी आले. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. संगीत नाटकाचा जन्म मी तिथे मानते. आपण प्रेक्षकांकडे वळून गायलात की पुन्हा सूत्रधार होता, एवढेच माझे म्हणणे आहे.

अण्णा, ब-३०२ (११:०३)
माई, चाळीस वर्षे गाऊन शेवटी मी सूत्रधार झालो, हे आज कळले. आभारी आहे.

माई, क-१०१ (११:०४)
सूत्रधार ही शिवी नाही, अण्णा.

नाना, अ-२०४ (११:०५)
सूत्रधार कोणीही असो, एकही पद कापू नये.

तबलावाले दादा, ब-१०३ (११:१५)
मध्ये बोलतो, क्षमस्व. पुढे येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून गाण्याच्या रीतीला परंपरा म्हणतात, पण तिच्यामागे एक साधी अडचण होती. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळायचे तर नटाला तोंड समोर ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता छातीवर माइक लावला की कुठेही वळून गाता येते. अडचण गेली आणि सवय तेवढी राहिली.

सचिव (११:१८)
माइकचा विषय निघालाच आहे म्हणून नमूद करतो की छातीवर लावण्याचे दोनच माइक उपलब्ध आहेत. तसेच पेटी-तबल्याची मांडामांड टाळण्यासाठी तयार ध्वनिमुद्रित साथ वापरावी, अशी सूचना पुढे आली आहे.

तबलावाले दादा, ब-१०३ (११:२१)
सचिवसाहेब, सूचना कोणाची ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. ध्वनिमुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. रुक्मिणीने मान वळवायला एक क्षण जास्त घेतला, तर मी ठेका धरून ठेवू शकतो, पेटी एक सूर लांबवू शकते आणि कृष्ण श्वास घेऊन तिच्याकडे पाहू शकतो. मुद्रित साथीपुढे नटाला घड्याळाचा नोकर व्हावे लागेल. माझ्या जागी यंत्र ठेवायचे असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

सचिव (११:२३)
केवळ सूचना होती. आपण नेहमीप्रमाणे व्यक्तिगत घेतलेत.

ताई, अ-५०१ (११:२९)
साथ प्रत्यक्षच राहील, दादा. तुम्ही लिहिलेला तो एक क्षणच मला हवा आहे.

अण्णा, ब-३०२ (११:४१)
'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आले. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब लोकांनी डोक्यावर घेतला तो गाण्यासाठीच ना? तिथे कोणाचे दिग्दर्शन आडवे आले?

माई, क-१०१ (११:५०)
आडवे आले नाही, कारण ते गाण्याच्या आतच होते. दारव्हेकरांनी ते नाटक स्वतः लिहिले आणि स्वतःच बसवले. खाँसाहेबाची तान तिथे केवळ तान म्हणून येत नाही. तिच्यात ईर्षा आहे, घराण्याचा पीळ आहे, डावलले गेल्याचा सल आहे. ते बाजूला काढून वसंतराव गायले असते तर ती उत्तम मैफल झाली असती आणि मीही पहिल्या रांगेत बसले असते, परंतु तिला नाटक म्हणता आले नसते. आणि वन्स मोअरचा विषय अजून कोणी काढलेला नाही, म्हणून मीच काढते. गेल्या वर्षी एकाच पदाला तीन वन्स मोअर मिळाले. त्यातला पहिला आपल्याच घरच्या खुर्चीतून आला होता.

भाऊ, क-४०२ (११:५२)
दुसराही. मी शेजारीच बसलो होतो.

अण्णा, ब-३०२ (११:५३)
हा आरोप मी पूर्णपणे फेटाळतो. दुसरा माझ्या घरचा नव्हता.

ताई, अ-५०१ (रात्री १२:०४)
वन्स मोअर घ्यायचा नाही असे मी ठरवले आहे आणि त्यामागे कोणाबद्दल आकस नाही. पदाच्या शेवटी रुक्मिणीचा राग जातो, ती वळते आणि हसते. त्यानंतर पुन्हा तेच पद घ्यायचे, तर मनधरणी होऊन चुकलेल्या रुक्मिणीला परत पाठ फिरवून रुसावे लागेल. ते प्रेक्षकांना कसे पटेल? मैफलीत चीज दुसऱ्यांदा अधिक रंगते हे मला मान्य आहे, पण रंगमंचावर एकदा घडलेली गोष्ट घडून गेलेली असते. आलापाबद्दलही असेच आहे. कृष्ण विचार करतो आहे असे वाटेल इतका आलाप मला हवा आहे. कृष्ण गवई आहे असे वाटू लागले की मी थांबवणार. हा हिशेब मिनिटांचा नाही. ज्या दिवशी वहिनींचा रुसवा पक्का असेल, त्या दिवशी तुम्हाला आणखी दोन आवर्तने मिळतील.

आणखी एक सांगते. आपण 'सौभद्र' निवडले त्यातच याचा धडा आहे. अर्जुन यतीच्या वेषात बसला आहे आणि सुभद्रा त्याला न ओळखता आपले दुःख गाते आहे. गाणे तिचे, पण त्या घटकेला प्रेक्षक यतीकडे पाहतो, कारण त्याला ऐकायचे आहे आणि ऐकले हे दाखवायचे नाही. त्याने डोळे मिटून ध्यान लावले, पण जपमाळेवरची बोटे चुकली, तर ते पद दुप्पट पोचते. गाणाऱ्याला शिकवणारे पुष्कळ मिळतात, गाणे ऐकणाऱ्या पात्राला मात्र कोणी काही सांगत नाही, आणि माझ्या मते संगीत नाटकात दिग्दर्शकाचे निम्मे काम तिथे असते.

भाऊ, क-४०२ (१२:०९)
यतीचे काम माझ्याकडे आहे आणि त्या प्रसंगात मला एकही पद नाही म्हणून मी रुसलो होतो. रुसवा मागे घेतो. जपमाळ मात्र संस्थेने पुरवावी.

दादा, ड-२०१ (१२:१६)
मी नवीन सभासद आहे, लहान तोंडी मोठा घास होईल. गाणे प्रसंगात विरघळलेच पाहिजे, हा नियम सर्वत्र चालत नाही. १९२८ साली बर्लिनला आलेल्या जर्मन नाटककार ब्रेख्तच्या 'थ्रीपेनी ऑपेरा' या संगीतिकेत गाणे मुद्दाम वेगळे काढलेले असते. प्रकाश बदलतो, नट संवाद सोडून गाण्यात शिरतो आणि ते लपवत नाही. पु. ल. देशपांड्यांनी तिच्यावरूनच १९७८ साली 'तीन पैशाचा तमाशा' केला. मग अण्णा पुढे येऊन गायले तर बिघडले कुठे?

अण्णा, ब-३०२ (१२:१८)
अखेर एक जाणकार सभासद मिळाला. आपले स्वागत आहे.

ताई, अ-५०१ (१२:२७)
मुद्दा बरोबर आहे, परंतु तिथेही नट पुढे येतो ते प्रेक्षकाला जागे करून काही दाखवण्यासाठी, टाळी घेण्यासाठी नव्हे. म्हणजे तोही दिग्दर्शनाचाच निर्णय झाला. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाला'त ओळीने उभी असलेली माणसे गातात, डोलतात, पाठ फिरवतात आणि पाहता पाहता त्यांचीच भिंत होते. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना तिथे वेगवेगळी काढून दाखवता येत नाही. तिथे पाठ फिरवणे हाच अभिनय आहे, अण्णा.

अण्णा, ब-३०२ (१२:३०)
ते नाटक वेगळे, हे वेगळे. शुभ रात्री.

नाना, अ-२०४ (सकाळी ६:३५)
रात्रीची सर्व चर्चा आत्ताच वाचली. पदे कापण्याबद्दल कोणीही उत्तर दिलेले नाही. एकही पद कापू नये.

माई, क-१०१ (६:५०)
नाना, किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे होती आणि प्रयोग रात्रभर चालत. पुढे १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केले, तेव्हा पदे मोजकीच ठेवली, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली आणि केशवराव भोळ्यांनी भावाला धरून चाली दिल्या. पदे कापण्याचे पाप नव्वद वर्षांपूर्वीच होऊन गेले आहे. आपल्याला सभागृह अडीच तास मिळाले आहे.

नाना, अ-२०४ (६:५२)
अडीच तासांत बसतील तेवढी सर्व पदे घ्यावीत.

ताई, अ-५०१ (७:४०)
नवी मांडणी अशी आहे. रुक्मिणी रंगमंचाच्या पुढच्या भागात, प्रेक्षकांकडे तोंड करून बसेल. कृष्ण तिच्या मागे, थोडा बाजूला उभा राहील. म्हणजे दोघांचेही चेहरे प्रेक्षकांना दिसतील आणि कृष्णाला मात्र तिचा चेहरा दिसणार नाही. तिला हसू फुटते आहे हे सभागृहाला कळेल, त्याला कळणार नाही, आणि म्हणून तो गातच राहील. अण्णांचे तोंड समोर राहील, तरी ते गात असतील तिच्यासाठीच. तालीम आज रात्री साडेआठला.

वहिनी, ड-४०३ (७:५५)
मग पदर गुंडाळू की नको?

भाऊ, क-४०२ (७:५७)
एकाच हाताला.

सचिव (८:१०)
कृपया विनोद खासगीत करावेत. साडेआठ म्हणजे साडेआठ.

अण्णा, ब-३०२ (९:२५)
नवी मांडणी वाचली. सकाळी आरशासमोर उभे राहून एकदा म्हणून पाहिले. पहिल्या ओळीनंतर थांबलो तर पुढची ओळ आपोआप हलक्या आवाजात येते, हे लक्षात आले. तिथे तान बसत नाही, म्हणून ती मी काढली आहे. ही तान मी स्वखुशीने काढली असून ती कोणाच्या सांगण्यावरून काढल्याचे इतिवृत्तात लिहू नये. वहिनींना विनंती आहे की अंतरा दुसऱ्यांदा येईपर्यंत त्यांनी मुळीच हसू नये, कारण त्या आधी हसल्या तर मला पुढे गाण्याचे काही कारणच उरत नाही. दादांनी तिथे ठेका धरून ठेवावा.

तबलावाले दादा, ब-१०३ (९:२७)
धरतो, अण्णा.

नाना, अ-२०४ (९:३०)
तान काढली हे वाचले. पद काढलेले नाही ना?