मदत हवी आहे: पाइनच्या ओंडक्यावरची पापुद्र्यासारखी बुरशी कोणती?

पाइनच्या कापलेल्या ओंडक्यावर, विशेषतः कापाच्या तोंडाशी, एक बुरशी पसरली आहे. जाडी जेमतेम 1 मिलिमीटर, रंग फिकट राखाडी-बदामी, कड पांढरट. ओंडक्याच्या बाजूला तिची वरची कड सुटून अरुंद छज्जासारखी पुढे आली आहे आणि त्यावर बारीक लव आहे. खालची बाजू गुळगुळीत. भिंगातून पाहिलं, छिद्रं नाहीत की दातेही नाहीत, त्यामुळे जांभळट छटेची ट्रायकॅप्टम बाद केली.

नखाने ओरखडलं तर काहीच झालं नाही. स्टेरियम सँग्विनोलेंटम असती तर ओरखडा लाल व्हायला हवा होता. पण नमुना पार वाळलेला होता, आणि ही परीक्षा ओल्या बुरशीवरच करायची असते हे मला नंतर आठवलं (घाई नडली!). आता तुकडा पाण्यात भिजत घातलाय.

दुसरा संशय अ‍ॅमायलोस्टेरियमचा. मेल्झर द्रावणाने (बुरशी तपासायचं आयोडीनचं द्रावण) दोन्हींचे बीजाणू निळसरच होतात, म्हणजे त्याचा इथे उपयोग नाही. सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिकांचा थर चढलेल्या जाड भिंतीच्या सिस्टिडिया (बीजाणू धरणाऱ्या थरातल्या वेगळ्या दिसणाऱ्या वांझ पेशी) दिसल्या तर अ‍ॅमायलोस्टेरियम म्हणावं, बरोबर ना? वाळक्या नमुन्याचा पातळ छेद नीट कसा घ्यायचा? माझा दर वेळी भुगा होतो.