एअर रायफलचे छर्रे विखुरतात, दोष कशाचा?

तापीकाठ, भुसावळ: राम राम मंडळी. .१७७ ची (म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याची) स्प्रिंगवाली रायफल आहे. १० मीटरवर पाच छर्रे रुपयाएवढ्या जागेतही बसत नाहीत. छर्रे बदलू की दुर्बीण?

जुना नेमबाज, जळगाव: भाऊ, आधी पेचकस घ्या. स्प्रिंगच्या धक्क्याने दस्त्याचे स्क्रू ढिले होतात, दुर्बिणीचेही. मग छर्रे. चपट्या डोक्याचे, साधारण ०.५३ ग्रॅमचे घ्या. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असा मिळतो. कोणता मानवेल ते नळीच ठरवते. डबी बदलली की पहिले १०-१५ छर्रे हिशेबात धरू नका, नळीत आधीच्या शिशाचा थर असतो. त्यानंतर पाच-पाचचे तीन गट मारा आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. एका झकास गटावर भाळू नका, तो योगायोगही असतो. मागचा पोकळ घेर चेपलेला छर्रा बाजूला टाका.

सातपुडा, चोपडा: दादा, रायफल धरायची कशी ते राहिलंच! छर्रा नळीतून सुटायच्या आधीच स्प्रिंग रायफल हलवते. आवळून धरली किंवा टेबलावर टेकवली तर दर वेळी वेगळी उडी. उघड्या तळव्यावर, रोज त्याच जागी ठेवा. हवा दाबणाऱ्या सिलिंडरमध्ये तेल ओतू नका. दाबाने ते पेटते, धूर येतो, वेग वरखाली होतो.

तापीकाठ: तेल कालच घातलं होतं...

सातपुडा: मग धूर थांबेपर्यंत छर्रे झाडा, मोजमाप नंतर. शिसं आहे, हात धुवा. आणि होल्या-तितरांवर रोखू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा आहे.