नम्रतेचाच अभिमान वाटू लागला, तर गर्वापासून रक्षण कसे व्हावे?

प्रश्न : नगरकर

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत मी तरुणांचा शास्त्राभ्यास घेतो. सध्या आम्ही याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचत आहोत. “देव गर्विष्ठांना विरोध करतो, आणि लीनांवर कृपा करतो” या वचनावर बोलताना, ख्रिस्ती जीवनात नम्रता हेच गर्वापासूनचे संरक्षण आहे, असे मी सांगितले. त्यावर उपासनेत प्रार्थना चालवणाऱ्या एका तरुणाने आपली अडचण मांडली. उपासना सुटल्यावर लोक पायऱ्यांवर थांबवून “किती सुंदर प्रार्थना केलीत” असे म्हणतात, तेव्हा तो “सगळा महिमा देवाचा” असे उत्तर देतो. परंतु त्या उत्तरामुळे लोक त्याला अधिकच नम्र समजतात आणि तसे समजले जाणे त्याला आवडू लागले आहे. ज्या गुणाने राखण करायची तोच गुण गर्वाला खतपाणी घालत असेल, तर अशा विश्वासणाऱ्याला आपण नेमके काय करायला सांगावे?

उत्तर : वसईचा वाचक

या तरुणाने जे ओळखले आहे, ते चौथ्या आणि पाचव्या शतकांतील वाळवंटवासी तपस्व्यांनीही ओळखले होते. सैतानाने साऱ्या पृथ्वीवर पसरलेले फासे पाहून संत अंतोनी यांनी कण्हत विचारले, की यांतून कोण निसटू शकेल. तेव्हा त्यांना “नम्रता” असे उत्तर ऐकू आले, ही आठवण त्यांच्या परंपरेने जपली आहे. पण त्याच परंपरेतले योहान कासियन बजावतात, की इतर दुर्गुण हरले म्हणजे दुबळे होतात, तर कीर्तीची हाव मात्र हरवल्यावरही नव्या जोमाने उठते. कांद्याची एक पात सोलावी तर खाली दुसरी असतेच, तसे तिचे आहे. म्हणूनच मला सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांची नियमावली फार मोलाची वाटते. तिच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या १२ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकी पाचवी पायरी अशी, की मनात येणारे वाईट विचार मठाधिपतीपासून लपवू नयेत. मनातल्या मनात नम्रता तपासत बसले तर तपासणाराही आपणच आणि शाबासकी देणाराही आपणच. दुसऱ्यापुढे मन उघडे केले म्हणजे हा खेळ थांबतो. तुमच्या तरुणाने सर्वांसमोर हे बोलून दाखवले, तेव्हा त्याने त्या पायरीवर पाऊल ठेवलेच आहे. आता त्याला एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्यापाशी हे नेमाने बोलण्याची सवय लावावी.

उत्तर : निवृत्त पाळक, सोलापूर

वसईच्या बंधूंशी मी सहमत आहे, आणि त्यांच्या मुद्द्याला २ इतिहास २६ या अध्यायाची जोड देतो. उज्जीया राजाने यरुशलेमेत बुरूज बांधले, रानात विहिरी खोदल्या, सैन्य उभे केले. तो समर्थ झाल्यावर त्याचे हृदय उन्मत्त झाले आणि धूप जाळणे हे फक्त याजकांचे काम असतानाही तो ते करायला मंदिरात शिरला. आपण बहुधा इथेच थांबतो, पण पुढचा तपशील बारकाईने वाचावा. अजऱ्या याजक ८० धीट याजकांना घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला आणि “पवित्रस्थानातून बाहेर जा” असे त्याला तोंडावर म्हणाला. राजाच्या हातात धुपाटणे होते, तो याजकांवर संतापला, आणि तो संतापलेला असतानाच त्याच्या कपाळावर कोड उठले. म्हणजे आत पाऊल टाकल्यावरही त्याला परतण्याची संधी होती, आणि ती त्याने रागाच्या भरात घालवली. त्या तरुणाने स्तुतीला कोणते उत्तर द्यावे याची फार चिंता करू नये, “आभारी आहे” एवढे पुरे आहे. आपली चूक कोणी दाखवली तर त्याच्या मनात काय उसळते, याकडे मात्र त्याने लक्ष द्यावे, कारण गर्वाची परीक्षा तिथे होते.

उत्तर : पुण्याची वाचक

आदरणीय पाळकसाहेब आणि नगरकर दादा, आपले म्हणणे मला पटते, तरीही एक गोष्ट आग्रहाने सांगते. आपल्या मंडळ्यांत नम्रतेचा उपदेश बहुधा ज्यांना आधीच वाकवलेले असते त्यांनाच ऐकवला जातो : प्रश्न विचारणाऱ्या बायकांना, सुनांना, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर राहावे लागले त्यांना. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी आणि जकातदार यांचा दाखला येशूने कोणाला सांगितला? जे स्वतःला नीतिमान मानून इतरांना तुच्छ लेखत होते त्यांना. योहानाच्या तेराव्या अध्यायातही, पित्याने सर्वकाही आपल्या हाती दिले आहे हे जाणून प्रभू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपले स्थान ठाऊक असलेल्याने ते आपखुशीने खाली ठेवले, ती नम्रता. दुसऱ्याने दाबून बसवले, त्याला तेच नाव देऊ नये.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, अल्पशिक्षित बायकांना कळावे म्हणून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकामुलींनी छपाईचे काम केले. १९२२ मध्ये निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या. त्या कोणापुढे दबून राहिल्या नाहीत, अगदी मिशनऱ्यांशीही त्यांनी धर्मतत्त्वांवर स्पष्ट वाद घातला. विद्वत्ता मात्र त्यांनी दुसऱ्यांसाठी वापरली. त्या तरुणाला एखादे काम असे द्यावे, की ज्यात तो कोणाच्या नजरेत येणार नाही आणि ज्याचा उपयोग दुसऱ्याला होईल.

नगरकर

तिघांचेही मनापासून आभार. ताई, आमच्या गटात मुलीही आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही आजवर उपासनेत प्रार्थना चालवलेली नाही. पुढच्या बैठकीत उज्जीयाचा अध्याय घेईन; आणि त्या तरुणाने काही रविवार मागे बसून एखाद्या मुलीला प्रार्थनेची तयारी करायला मदत करावी, असे मी त्याला आणि आमच्या पाळकांना सुचवणार आहे.